उपवास की आजार? खाण्याचे विकार ओळखणे आणि निवासी उपचारांचा निर्णय घेणे

घटस्थापना जवळ आली की बडोद्यातल्या मराठी घरांत एक प्रश्न हमखास विचारला जातो: यंदा उपवास नऊ दिवसांचे, की उठता-बसता? माझ्या बहिणीच्या मुलीने सतराव्या वर्षी नऊही दिवस धरले, तेव्हा घरात सर्वांना तिचे कौतुक वाटले. त्याआधी तिने श्रावणी सोमवार धरले होते, मग संकष्टी, मग महिन्याच्या दोन्ही एकादश्या. उपवासाच्या दिवशी इतर माणसे वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी खात असताना ती पेलाभर ताक आणि अर्धे सफरचंद घेऊन उठत असे. दसऱ्याला श्रीखंड-पुरीचे ताट समोर आले आणि ती रडू लागली. व्रत संपले होते, पण तिला ते सोडता येत नव्हते. पुढे कितीतरी महिन्यांनी ती मला म्हणाली, “मावशी, भूक लागायची गं, पण ताट समोर आलं की भीती वाटायची.” ही भीती आम्हाला वेळीच दिसली असती तर तिचे बरेच हाल वाचले असते. त्या काळात डॉक्टरांना विचारून आणि वाचून जे समजले, ते इतर कुटुंबांना उपयोगी पडावे म्हणून येथे सविस्तर मांडते आहे.

खाण्याचे विकार हे मानसिक आजार आहेत आणि त्यांचे परिणाम थेट शरीरावर होतात. हट्ट, नखरे किंवा फॅशन म्हणून त्यांच्याकडे पाहणे ही पहिली चूक होय. यांतला सर्वांत परिचित आजार म्हणजे अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा. त्यात माणूस खाणे इतके कमी करतो की शरीराचे वजन धोक्याच्या पातळीखाली जाते, आणि तरीही त्याला आपण जाडच आहोत असे वाटत राहते. हा आजार इन्स्टाग्रामने आणलेला नाही. १८७३ साली लंडनमध्ये सर विल्यम गल आणि पॅरिसमध्ये शार्ल लासेग या दोन डॉक्टरांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे त्याचे वर्णन केले होते. दुसरा आजार बुलिमिया नर्व्होसा, ज्याची ओळख १९७९ साली जेराल्ड रसेल यांनी करून दिली. त्यात थोड्या वेळात, स्वतःवरचा ताबा सुटल्यासारखे, खूप खाल्ले जाते आणि मग घशात बोटे घालून उलटी करणे, जुलाबाच्या गोळ्या घेणे, उपाशी राहणे किंवा तासन्‌तास व्यायाम करणे अशा मार्गांनी त्याची ‘भरपाई’ केली जाते. तिसरा आजार बिंज ईटिंगचा. त्यात अतिखाण्याचे झटके येतात, पण नंतरची ती भरपाई नसते. उरते ती लाज. २०१३ साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या वर्गीकरणात त्याला स्वतंत्र आजाराचे स्थान मिळाले. वजनाची चिंता मुळीच नसताना पदार्थांचा वास, स्पर्श किंवा घशात अडकण्याची भीती यांमुळे खाणे अगदी आकसून जाणे, हाही एक वेगळा विकार आहे आणि तो लहान मुलांत अधिक दिसतो.

आपल्याकडे उपवासाच्या आड हा आजार सहज लपतो, म्हणून व्रत आणि विकार यांतला फरक आधी समजून घ्यावा लागतो. व्रताला आरंभ असतो, शेवट असतो आणि पारणे असते. उपवास करणारी आजी चंद्रोदयाची वाट पाहते आणि मोदक आनंदाने खाते. आजारी मुलीला उपवासाच्या दिवशी सुटका वाटते, कारण त्या दिवशी न खाण्याचे कारण कोणी विचारत नाही, आणि तिची खरी घालमेल पारण्याच्या वेळी सुरू होते. व्रते एकामागून एक वाढत जाणे, फराळाचे पदार्थही एकेक करून वगळले जाणे, आणि जिने कधी देवघरात दिवा लावला नाही तिने अचानक कडक नियम धरणे, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर श्रद्धेचा आदर राखूनही चौकशी करावी. याच पद्धतीने ‘मला दूध पचत नाही’, ‘मी गहू सोडला’, ‘मी साखर बंद केली’ ही वाक्येही आडोसा होऊ शकतात. बडोद्यात त्यात गरब्याची भर पडते. चणिया-चोळीत बारीक दिसण्यासाठी ऑगस्टपासूनच खाणे तोडायचे, आणि त्या नऊ रात्री उशिरापर्यंत फेर धरून रात्रीचे जेवणही टाळायचे, यात कोणाला वावगे वाटत नाही. बहुतेक मुली दिवाळीच्या फराळाबरोबर पूर्ववत होतात. जी होत नाही, तिच्याकडे लक्ष द्यायला हवे.

घरच्या माणसांना वजनापेक्षा आधी वागणूक दिसते. जेवणाच्या वेळी नेमका अभ्यास निघतो, किंवा मैत्रिणीकडे खाऊन आल्याचे सांगितले जाते. पोळीचे नखाएवढे तुकडे करून ते ताटभर फिरवले जातात. मुलगी स्वतः खात नाही, पण घरादारासाठी केक करते, पाककृतींचे व्हिडिओ तासन्‌तास पाहते आणि आईने भाजीत किती तेल घातले यावर पाळत ठेवते. जेवण होताच ती न्हाणीघरात जाते आणि नळ सोडलेला राहतो. कपाटात वेफर्सची रिकामी पाकिटे किंवा जुलाबाच्या गोळ्यांच्या पट्ट्या सापडतात, आणि फ्रीजमधले अन्न रात्रीत नाहीसे होते. वैशाखात स्वेटर घालावासा वाटणे, पाळी अनियमित होणे किंवा थांबणे, केस गळणे, दंडावर आणि पाठीवर बारीक लव येणे, उठताना चक्कर येणे या शरीराच्या तक्रारी आहेत. सतत उलट्या करणाऱ्यांचे गाल कानाखाली लाळग्रंथी सुजल्यामुळे फुगीर दिसतात, दातांचे वरचे कवच झिजते आणि कधी बोटांच्या सांध्यांवर, दात लागून, घट्टे पडलेले असतात. अशा वेळी पहिला संशय दंतवैद्याला येऊ शकतो.

दोन ठिकाणी आपली नजर हमखास चुकते. एक म्हणजे आजारी माणूस हाडांचा सापळाच असणार, ही समजूत. बुलिमिया आणि बिंज ईटिंगमध्ये वजन सर्वसाधारण किंवा जास्तही असते. ज्या मुलाचे वजन आधी खूप होते, त्याचे ते झपाट्याने उतरले तर लोक त्याची पाठ थोपटतात. प्रत्यक्षात सहा महिन्यांत शरीराचे २० टक्क्यांहून अधिक वजन जाणे हे जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणातही अ‍ॅनोरेक्सियाच्या निदानाला पुरेसे गंभीर मानले जाते. दुसरी चूक म्हणजे हा मुलींचाच आजार समजणे. जिममध्ये ‘कट’ दिसावेत म्हणून भात-पोळी सोडून फक्त प्रोटीन पावडरवर राहणारा मुलगाही याच वाटेवर असू शकतो. त्याशिवाय आपल्या देशात आणि हाँगकाँगसारख्या ठिकाणी डॉक्टरांना असेही रुग्ण दिसले आहेत, की ज्यांना जाड होण्याची भीती नसते. पोट भरल्यासारखे वाटते, घास उतरत नाही, एवढेच ते सांगतात. अशी मुलगी मग पोटाच्या डॉक्टरांकडे, तिथून दुर्बिणीच्या तपासणीकडे, आणि शेवटी कोणाच्या तरी सांगण्यावरून दृष्ट काढण्याकडे जाते. क्षयरोग, थायरॉइड, मधुमेह आणि आतड्यांचे आजार नाहीत ना, हे पाहणे आवश्यकच आहे, पण ते अहवाल चांगले आले म्हणून विषय मिटवू नये.

“इतकी हुशार मुलगी, तिला साधे जेवायचे कळत नाही?” हा प्रश्न आमच्याही घरात विचारला गेला. त्याचे उत्तर मला एका जुन्या प्रयोगात मिळाले. १९४४-४५ साली अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. युद्धानंतर उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसे खाऊ घालावे, हे त्यांना शोधायचे होते. त्या तरुणांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले. त्यांना थंडी वाजू लागली, नाडी मंदावली, ते चिडचिडे आणि उदास झाले. पाकशास्त्राची पुस्तके वाचत बसणे, जेवण खूप वेळ लांबवत बसणे, अन्नाचे विचित्र मिश्रण करणे अशा सवयी त्यांना लागल्या, आणि खाणे पूर्ववत झाल्यावरही काहींचा खाण्यावरचा ताबा बराच काळ सुटलेला राहिला. हे सर्वजण मनाने धडधाकट होते. म्हणजे ज्या वागण्याला आपण मुलीचा स्वभाव समजतो, त्यातले बरेचसे उपासमारीनेच घडवलेले असते, आणि उपाशी मेंदूशी वाद घालून त्याला पटवता येत नाही. त्यामुळे उपचारांत समुपदेशनाच्या बरोबरीने, किंबहुना त्याच्याही आधी, अन्न येते.

पण हे अन्न प्रेमाच्या भरात ताटभर वाढूनही चालत नाही, आणि हा मुद्दा प्रत्येक आईला माहीत असावा असे मला वाटते. दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या शरीरातील फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियमचे साठे रिते झालेले असतात. अशा वेळी अचानक भात, शिरा, मिठाई भरपूर पोटात गेली की इन्सुलिन वाढते, रक्तात उरलेले हे क्षार पेशींमध्ये ओढले जातात आणि रक्तातील त्यांची पातळी कोसळते. त्यातून हृदयाचे ठोके बिघडू शकतात, श्वास अडचणीत येऊ शकतो, शुद्धही हरपू शकते. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात, आणि दुसऱ्या महायुद्धातून सुटलेल्या युद्धकैद्यांमध्ये तो प्रथम ठळकपणे दिसला. पाच दिवसांहून अधिक काळ ज्याच्या पोटात जवळजवळ काहीच गेलेले नाही, त्याचे पुन्हा खाणे सुरू करताना डॉक्टरांचा सल्ला आणि रक्ताच्या तपासण्या हव्यातच. उलट्यांच्या बाबतीतही धोका पोटॅशियमचाच असतो. ते घटले की वजन अगदी योग्य असलेल्या व्यक्तीचे हृदयही अचानक दगा देऊ शकते. ज्या मानसिक आजारांत मृत्यूचे प्रमाण सर्वाधिक आहे, त्यांपैकी अ‍ॅनोरेक्सिया एक आहे. त्यातले काही मृत्यू उपासमारीचे असतात आणि काही आत्महत्येचे.

पहिले पाऊल म्हणून फिजिशियन किंवा बालरोगतज्ज्ञ आणि मानसोपचारतज्ज्ञ या दोघांनाही दाखवावे. बडोद्यात सयाजी रुग्णालयात, म्हणजे ज्याला आपण एसएसजी म्हणतो तेथे, हे दोन्ही विभाग एकाच आवारात आहेत, आणि कारेलीबागेत शासनाचे मानसिक आरोग्य रुग्णालय आहे. घरातून बाहेर पडणेही कठीण असेल तर केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र बोलता येते. तपासणीत वजनाबरोबर झोपून आणि उभे राहून नाडी व रक्तदाब, शरीराचे तापमान, ईसीजी आणि रक्तातील क्षार पाहिले जावेत. किशोरवयात जागेपणी नाडी मिनिटाला ५० च्या खाली जाणे, तापमान ३५.६ अंश सेल्सिअसच्या खाली जाणे, उभे राहताच भोवळ येणे, क्षार बिघडणे, अन्नपाणी पूर्ण नाकारणे किंवा जीव देण्याची भाषा, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात दाखल करावे. आणखी एका गटाबद्दल विशेष सावध राहावे: इन्सुलिनवर असलेली जी मुले वजन घटवण्यासाठी इंजेक्शन चुकवतात, त्यांच्या बाबतीत तासांना महत्त्व असते.

सगळ्यांनाच दाखल व्हावे लागत नाही. किशोरवयीन मुलांसाठी लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयात विकसित झालेली कुटुंबाधारित पद्धत पहिली निवड मानली जाते. तिच्यात काही महिने ताटात काय आणि किती वाढायचे हे आईवडील ठरवतात, प्रत्येक जेवणाला शेजारी बसतात, आणि वजन सावरत गेले की हा अधिकार हळूहळू मुलाला परत देतात. आपल्या एकत्र जेवणाच्या रीतीला ती फारशी परकी नाही. मोठ्यांसाठी आणि बुलिमियासाठी विचार व वर्तन बदलण्यावर आधारलेली संज्ञानात्मक वर्तनोपचार पद्धती वापरली जाते, आणि बुलिमियात फ्लुओक्सेटीनसारख्या औषधाचीही मदत होते. अ‍ॅनोरेक्सियात मात्र औषधाची गोळी अन्नाची जागा घेऊ शकत नाही.

निवासी उपचारांचा प्रश्न येतो तो त्यापुढे. शरीर तातडीच्या धोक्यात असेल तर जागा रुग्णालयाच्या वॉर्डाची आहे. शरीर स्थिर आहे, पण घरी प्रत्येक जेवण रणांगण झाले आहे, बाह्यरुग्ण विभागात जाऊनही वजन घसरतेच आहे, उलट्या थांबत नाहीत, आईवडील थकून गेले आहेत, अशा वेळी निवासी उपचारांचा विचार करावा. त्या निर्णयाचे आमच्या घरात फार ओझे झाले होते. मुलीला ‘तिथे’ ठेवले असे लोक म्हणतील, पुढे स्थळ पाहताना कोणीतरी हे काढील, या विचारांत दिवस गेले. माझी बहीण शेवटी एवढेच म्हणाली, की तिचा पाय मोडला असता तर मी कोणाला विचारत बसले नसते.

चांगल्या केंद्रातला दिवस जेवणांभोवती बांधलेला असतो. तीन जेवणे आणि दोन-तीन वेळचे मधले खाणे ठरलेल्या वेळी, कर्मचाऱ्यांच्या सोबतीने होते, आणि त्यानंतर काही वेळ सर्वांनी एकत्र बसायचे असते, म्हणजे उलटी करण्याची ऊर्मी ओसरून जाते. वजन केले जाते, पण काट्याकडे पाठ करून उभे करण्याची पद्धत अनेक ठिकाणी असते, म्हणजे त्या एका आकड्यावर दिवस बिघडत नाही. दाखल रुग्णाचे वजन आठवड्याला साधारण अर्धा ते एक किलो वाढावे, अशी अपेक्षा ठेवली जाते. व्यायामाला मर्यादा असते. मधल्या वेळात वैयक्तिक आणि गटातील समुपदेशन, कुटुंबाच्या बैठका आणि शक्य असेल तसा अभ्यास चालतो. हे सर्व काही आठवड्यांपासून काही महिन्यांपर्यंत चालू शकते. मात्र जास्त काळ म्हणजे अधिक गुण, असे समजू नये. जर्मनीत किशोरवयीन रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तीन आठवडे रुग्णालयात राहून पुढे दिवसा येऊन-जाऊन उपचार घेणाऱ्या मुलींची प्रगती पूर्ण काळ दाखल राहिलेल्या मुलींपेक्षा कमी आढळली नाही.

केवळ खाण्याच्या विकारांसाठी असलेली निवासी केंद्रे भारतात मोजकीच आहेत, त्यामुळे बडोद्याच्या कुटुंबाला अहमदाबाद, मुंबई-पुणे किंवा बेंगळुरूच्या निम्हान्ससारख्या संस्थेपर्यंत चौकशी करावी लागू शकते. जाहिरातींवर विसंबू नये. केंद्र राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदलेले आहे का, हे पहिल्यांदा विचारावे. पण मला त्याहून अधिक बोलका वाटतो तो हा प्रश्न: “जेवणाच्या टेबलाशी तिच्या शेजारी कोण बसते, आणि ती खायला नाही म्हणाली तर ते काय करतात?” या प्रश्नाचे शांत, तपशीलवार उत्तर ज्यांच्याकडे असते, त्यांना हे काम येते. ईसीजी आणि रक्ततपासणीची सोय किती जवळ आहे, फिजिशियन रोज येतो का, आहारतज्ज्ञाला वरण-भात, थालीपीठ, ढोकळा अशा आपल्या जेवणातून आराखडा करता येतो का, समुपदेशक मुलीच्या भाषेत बोलू शकतो का, आणि घरी सोडल्यानंतर पुढची जबाबदारी कोणाची, हेही विचारून घ्यावे. व्यसनमुक्ती केंद्र ही या रुग्णांची जागा नव्हे. वजन घटवणारी शिबिरे आणि उपवासचिकित्सेची निसर्गोपचार केंद्रे तर थेट घातक ठरू शकतात, आणि ज्या व्यक्तीचा आजारच उलट्या आणि जुलाबांचा आहे तिला पंचकर्मातले वमन किंवा विरेचन देऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

कायद्याची माहिती हाताशी असली की धीर येतो. २९ मे २०१८ पासून लागू झालेल्या मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ नुसार प्रौढ व्यक्ती स्वतःच्या संमतीने दाखल होऊ शकते, आणि आजारामुळे तिला निर्णयासाठी मोठ्या आधाराची गरज असेल तर तिने नेमलेल्या प्रतिनिधीच्या अर्जावर, तज्ज्ञांच्या तपासणीनंतर, मर्यादित काळासाठी दाखल करता येते. अठरा वर्षांखालील मुलांना मोठ्या रुग्णांपासून वेगळे ठेवावे लागते आणि पालक किंवा प्रतिनिधी पूर्ण काळ सोबत राहतो. मुलीसोबतचा प्रतिनिधी पुरुष असेल तर स्त्री सोबतीण द्यावी लागते. घरच्यांनी सोबत राहण्याची ही कल्पना आपल्याकडे जुनी आहे: १९५०च्या दशकात अमृतसरच्या मानसिक रुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना आवारात तंबू ठोकून राहू दिले होते. याच अधिनियमाप्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीने संरक्षण देणे बंधनकारक आहे, म्हणून दाखल होण्याआधी कंपनीकडून उत्तर लेखी घ्यावे.

मुलगी घरी परतते तेव्हा आजार पुरता गेलेला नसतो, आणि पहिले वर्ष सर्वांत नाजूक असते. पाहुणे प्रेमाने म्हणतात, “छान भरलीस, आता तब्येत सुधारली”, आणि तिला त्यात ऐकू येते ते “जाड झालीस”. म्हणून आम्ही नातेवाइकांना आधीच फोन करून सांगितले, की तिच्या दिसण्याविषयी चांगलेही बोलायचे नाही. कॉलेज, गाणे, क्रिकेट, काहीही विचारा. वजन घरच्या काट्यावर करायचे नाही, ते डॉक्टरांकडेच करायचे. पुढच्या नवरात्राच्या एक महिना आधी आम्ही तिच्या डॉक्टरांसोबत बसून ते नऊ दिवस कसे जातील हे कागदावर उतरवले. उपवास नाही. गरब्याला जायचे असेल तर आधी पूर्ण जेवण, मध्यंतरात दूध किंवा केळे, आणि परत आल्यावर काहीतरी गरम. माझ्या आईला, म्हणजे तिच्या आजीला, हे कसे रुचेल याची मला काळजी होती. आजीने घट बसवला, आजारी माणसाला व्रत लागू नसते एवढे म्हणाली, आणि नातीचा उपवास आपण धरते असे देवीला सांगून तिच्यासाठी कुकर लावायला उठली.